कठीणाकडून सोप्याकडे : पाच संकेतांची प्रश्नमंजूषा

शाळेचे स्नेहसंमेलन असो, बाबासाहेबांची जयंती असो की विज्ञानदिन, सामान्यज्ञानाची प्रश्नमंजूषा आता प्रत्येक कार्यक्रमपत्रिकेत असतेच. तिचा ठराविक साचाही आपल्या परिचयाचा आहे. प्रश्न विचारला जातो, एक हात वर होतो, उत्तर येते, टाळ्या पडतात आणि पुढचा प्रश्न सुरू होतो. ज्याला ठाऊक आहे त्याला ठाऊक असते आणि ज्याला नाही तो श्रोता होऊन बसतो. अर्ध्या तासात सभागृहातील पाच-सहा मुलांनी सगळी उत्तरे दिलेली असतात. उरलेल्या दोनशे मुलांच्या पदरी आपल्याला काही येत नाही, एवढाच एक धडा पडतो.

निवासी विद्यालयात हा धडा विशेष महाग पडतो. आपल्याकडे येणारी अनेक मुले त्यांच्या घरातील शाळेत जाणारी पहिली पिढी असतात. घरी वर्तमानपत्र येत नाही आणि पुस्तकांचे कपाट नसते. अशा मुलाने पहिल्या दोन-तीन कार्यक्रमांत मान खाली घातली, तर ती वर यायला पुढे वर्षे लागतात. म्हणून प्रश्नमंजूषेची रचना हा करमणुकीपुरता विषय नाही. प्रश्न कसा विचारावा याचा निर्णय करताना आपण कोणाला बोलू देणार आणि कोणाला गप्प बसवणार, याचाही निर्णय करत असतो.

या दृष्टीने विचार करण्याजोगा एक प्रकार या लेखात समजावून सांगायचा आहे. यात एका उत्तरासाठी एकच प्रश्न नसतो. एकामागून एक पाच संकेत दिले जातात, त्यांतला पहिला सर्वांत कठीण आणि शेवटचा सर्वांत सोपा असतो.

खेळाचे स्वरूप

पद्धत साधी आहे. एखादी व्यक्ती, स्थळ, वस्तू किंवा घटना मनात धरायची आणि तिच्याविषयी पाच वाक्ये तयार करायची. पहिल्या संकेतावर ओळखल्यास दहा गुण, दुसऱ्यावर आठ, तिसऱ्यावर सहा, चौथ्यावर चार आणि पाचव्यावर दोन. प्रत्येक गटाला एका उत्तरासाठी एकदाच बोलण्याची मुभा असते. उत्तर चुकले तर तो गट त्या फेरीतून बाद होतो आणि उरलेल्यांसाठी पुढचा संकेत वाचला जातो.

दूरचित्रवाणीवरील परिचित कार्यक्रमांची चाल याच्या नेमकी उलट असते. २००० साली सुरू झालेल्या ‘कौन बनेगा करोडपती’मध्ये आणि पुढे त्याच्या मराठी आवृत्तीत प्रश्न सोप्याकडून कठीणाकडे जातात. तेथे प्रत्येक पायरीवर स्पर्धक गळत जावा अशीच योजना असते आणि अखेरीस उंच शिखरावर एकटा माणूस उरतो. संकेतांच्या खेळात ओघ उलटा वाहतो. आरंभी एखाददुसराच आत येऊ शकतो, पण प्रत्येक पायरीला दार अधिक उघडते आणि शेवटच्या संकेताला सर्वांना प्रवेश मिळतो. अमेरिकेतील शालेय व महाविद्यालयीन स्पर्धांत अशाच तत्त्वावर लांब प्रश्न रचतात. त्यांना तेथे पिरॅमिडच्या आकाराचे प्रश्न म्हणतात, कारण टोकाला जागा थोडी आणि तळाशी भरपूर असते.

आपल्या कोड्यांशी आणि उखाण्यांशीही याचे नाते आहे, परंतु एक भेद ध्यानात घ्यावा. कोड्यात सर्व खुणा एकदम हाती दिल्या जातात आणि कस लागतो तो चातुर्याचा. संकेतांच्या खेळात खुणा क्रमाने मिळतात. तेथे ज्ञान, तर्क आणि धीर या तिघांचाही कस लागतो.

आपल्या नदीचे उदाहरण

तत्त्व उदाहरणाने लवकर कळते. उत्तर ‘वैतरणा’ आहे असे समजू. संकेत असे रचता येतील.

दहा गुण : १८८८ च्या नोव्हेंबर महिन्यात कच्छमधील मांडवी बंदरातून मुंबईला निघालेली एक आगबोट वादळात सापडून सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. तिचे कागदोपत्री नाव माझ्या नावावरून होते.

आठ गुण : माझ्यावर बांधलेल्या एका जलाशयाला मुंबई महापालिकेचे अभियंता एन. व्ही. मोडक यांचे नाव आहे.

सहा गुण : माझा उगम त्र्यंबकच्या डोंगरांत होतो. त्याच डोंगरांत उगम पावलेली माझी मोठी शेजारीण पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे गेली, मी मात्र पश्चिमेची वाट धरली.

चार गुण : पुराणकथांत मृत्यूनंतर ओलांडावी लागणारी म्हणून जी नदी सांगितली आहे, तिच्या नावाशी माझे नाव जवळजवळ जुळते.

दोन गुण : पश्चिम रेल्वेने विरारहून सफाळ्याला जाताना माझ्या नावाचे स्थानक लागते आणि पुढे माझ्यावरचे पूल लागतात.

या पाच वाक्यांत इतिहास, अभियांत्रिकी, भूगोल, लोकश्रद्धा आणि रोजचा प्रवास, असे पाच विषय येऊन गेले. ज्या मुलाला पाचव्या संकेतावर उत्तर सुचले, त्यानेही मागचे चार संकेत ऐकलेले असतात. उत्तर कळताच ते चारही एकदम उजळतात. ज्या नदीवरून आपण शेकडो वेळा गेलो, तिच्या नावाची आगबोट होती, त्या बोटीवर मॅट्रिकच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विद्यार्थी होते आणि ते कधीच पोहोचले नाहीत, ही गोष्ट त्याला त्या क्षणी कळते आणि त्याच्या स्मरणात राहते. साध्या प्रश्नमंजूषेत उत्तरापाशी प्रश्न संपतो. येथे उत्तर आल्यावर मागे वळून पाहावेसे वाटते. या खेळाचे शैक्षणिक मूल्य प्रामुख्याने या मागे वळण्यात आहे.

कठीण म्हणजे मोघम नव्हे

संकेत रचणारा नवखा माणूस हमखास एका ठिकाणी अडखळतो. पहिला संकेत कठीण हवा म्हणून तो मोघम करतो. ‘मी महाराष्ट्रातील एक नदी आहे’ हे वाक्य पहिल्या संकेतासाठी निरुपयोगी आहे. ते ऐकून नद्यांचा गाढा अभ्यासकही उत्तर देऊ शकणार नाही, त्याला अंदाजच करावा लागेल. उलट वीजळी बोटीचा संकेत फार थोड्यांना ठाऊक असेल, परंतु ज्याला ठाऊक आहे त्याला शंका उरणार नाही.

यावरून पहिला नियम निघतो : प्रत्येक संकेत, अगदी पहिलासुद्धा, जाणकाराला निश्चित उत्तरापर्यंत नेणारा असावा. माहिती दुर्मिळ असावी, संदिग्ध नसावी. मोघम संकेत नशिबाला बक्षीस देतो, तर दुर्मिळ संकेत वाचनाला आणि निरीक्षणाला देतो.

दुसरा नियम असा की पाचही संकेत पूर्णपणे खरे असावेत. ‘असे म्हणतात’ किंवा ‘बहुधा’ असल्या आधारावर उभी असलेली माहिती प्रश्नात घेऊ नये. शाळेच्या व्यासपीठावरून सांगितलेली चुकीची गोष्ट मुले अनेक वर्षे खरी धरून चालतात.

तिसरा नियम शेवटच्या संकेताविषयी आहे. तो इतका सोपा असावा की सभागृहातील सर्वांत लहान वर्गातील मुलालाही उत्तर यावे. अनेक आयोजकांना यात कमीपणा वाटतो, पण दोन गुणांचा तो संकेत खेळाचा पाया आहे. आपल्याला काहीतरी आले, हा अनुभव घेऊन प्रत्येक मूल जागेवरून उठले पाहिजे.

चौथा नियम : संकेतांत शब्दांची चलाखी नसावी. नावाची अक्षरे, यमक किंवा श्लेष यांवर आधारलेला संकेत ज्ञानाऐवजी चतुराई तपासतो. त्यासाठी कोडी आहेतच.

कठीण कोणासाठी?

आता या विषयातील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येऊ. संकेत कठीणाकडून सोप्याकडे लावायचे, पण ते कठीण कोणासाठी?

वारली चित्रकलेचे उदाहरण घेऊ. शहरातील एखादा शिक्षक संकेतांचा क्रम असा लावील. पहिला संकेत : विवाहाच्या वेळी भिंतीवर माझा चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते, चौक लिहिण्याचा मान सवाशिणींचा आणि विधीची गाणी म्हणण्याचा मान धवलेरीचा. दुसरा संकेत : डहाणू तालुक्यातील गंजाडजवळच्या पाड्यावर राहणाऱ्या आणि २०११ साली पद्मश्री मिळालेल्या जिव्या सोमा मशे यांनी मला भिंतीवरून कागदावर आणले. तिसरा : वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन एवढ्याच आकारांतून माझे जग उभे राहते. चौथा : गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने मला रेखाटतात. पाचवा : तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरून नाचणारी माणसे ही माझी सर्वांना परिचित असलेली खूण.

शिक्षकाच्या दृष्टीने क्रम निर्दोष आहे. परंतु तलासरी, डहाणू, जव्हार किंवा विक्रमगडच्या पाड्यावरून आलेल्या मुलीला पहिलाच संकेत सर्वांत सोपा वाटेल, कारण तिने घरच्या लग्नात चौक लिहिताना पाहिलेला आहे. पद्मश्रीचे साल मात्र तिला कदाचित सांगता येणार नाही. मुंबईच्या उपनगरातून आलेल्या मुलाची स्थिती याच्या उलट असेल. त्याने तारप्याचा फेर चादरींवर, कपांवर आणि रेल्वेस्थानकांच्या भिंतींवर पाहिला असेल, पण पालघट हे नाव ऐकलेले नसेल.

म्हणजे कठीणपणा वस्तूत नसतो, तो ऐकणाऱ्याच्या जीवनानुभवावर अवलंबून असतो. ‘सामान्यज्ञान’ या शब्दातील ‘सामान्य’ कोणाचे, हा प्रश्न येथे उभा राहतो. राजधान्या, चलने, पुरस्कार आणि शोधांच्या तारखा यांना आपण सामान्य मानतो, कारण परीक्षांच्या पुस्तकांत त्या असतात. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात तो राब, पावसाच्या तोंडावर उगवणाऱ्या रानभाज्या, बोंबील वाळवण्याची रीत, भरती-ओहोटीचे वेळापत्रक यांची माहिती लाखो लोकांच्या उदरनिर्वाहाचा आधार आहे. तरी तिला ‘स्थानिक’ म्हणून बाजूला ठेवले जाते. ज्ञानाची अशी उतरंड लावणे कोणाच्या सोयीचे होते आणि तिने कोणाला गप्प बसवले, हे आपल्या समाजाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

संकेतांच्या खेळात या उतरंडीला तडा देण्याची सोय आहे. पहिल्या संकेताचे दहा गुण जाणीवपूर्वक अशा अनुभवांना ठेवता येतात. सफाळे-केळव्याच्या, सातपाटीच्या किंवा मोखाड्याच्या मुलांनी स्वतःच्या गावावर संकेत तयार केले, तर पहिल्या संकेतावर हात वर करणारी मुले बदललेली दिसतील. पापलेट ओळखायचे असेल, तर कोळी कुटुंबातील मूल जाळ्याच्या आसाच्या मापावरूनच ओळखील. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली त्याला राज्यमासा म्हणून घोषित केले, हा संकेत इतरांच्या उपयोगी पडेल. दोघांनाही एकाच प्रश्नात जागा मिळते आणि दोघेही एकमेकांकडून काही शिकतात.

याचा अर्थ राजधान्या आणि तारखा शिकवू नयेत असा मुळीच नाही. आपल्या मुलांना तलाठी भरतीपासून लोकसेवा आयोगापर्यंतच्या परीक्षा द्यायच्या आहेत आणि तेथे ती माहिती विचारली जाते. ती त्यांना यायलाच हवी. पण आपल्या घरातील ज्ञान हेही ज्ञान आहे, हा विश्वास आधी बसला तर परके ज्ञान आत्मसात करणे सोपे जाते.

उत्तर केव्हा द्यावे?

खेळणाऱ्यांच्या बाजूने पाहिले तर यात गणिताचाही एक सुंदर पाठ दडलेला आहे. पहिल्या संकेतानंतर गटाला एक उत्तर सुचले, पण खात्री नाही. आताच बोलावे की थांबावे?

समजा, गटाला वाटते की पहिल्या संकेतानंतर आपले उत्तर दहापैकी तीन वेळा बरोबर ठरेल. दहा गुणांना तीन-दशांशाने गुणले, तर सरासरी प्राप्ती तीन गुण. दुसऱ्या संकेतानंतर खात्री निम्मी झाली, तर आठाचे निम्मे म्हणजे चार. तिसऱ्यानंतर ती दहापैकी आठ झाली, तर सहा गुणिले आठ-दशांश म्हणजे चार पूर्णांक आठ-दशांश. चौथ्यानंतर पूर्ण खात्री झाली तरी गुण चारच. म्हणजे या गटासाठी तिसऱ्या संकेतावर बोलणे सर्वांत फायद्याचे. पहिल्याच संकेतावर उडी घेणारा उतावळा आणि चौथ्यापर्यंत वाट पाहणारा भित्रा, दोघेही मागे पडतात. नववी-दहावीच्या मुलांना संभाव्यता शिकवण्यासाठी यापेक्षा जिवंत उदाहरण सहज सापडणार नाही.

या गणिताच्या मुळाशी आणखी मोलाची गोष्ट आहे. हिशेब करायचा तर आपल्याला किती ठाऊक आहे याचा अंदाज प्रामाणिकपणे करावा लागतो. ‘मला येते’ आणि ‘मला येत नाही’ या दोन टोकांच्या मध्ये ‘मला थोडे येते, थोडी शंका आहे’ अशी विस्तीर्ण भूमी असते. परीक्षेत आणि संसारात आपले बहुतेक निर्णय तेथेच होतात. त्या भूमीवर सावधपणे चालण्याचा सराव हा खेळ देतो.

प्रश्नांची आपली परंपरा

प्रश्नोत्तरांतून शिकवणे आपल्याला नवे नाही. खुद्दकपाठात ‘कुमारपञ्ह’ नावाचे एक छोटे प्रकरण आहे. त्यात एक म्हणजे काय, दोन म्हणजे काय, असे दहापर्यंत प्रश्न आहेत. एक म्हणजे सर्व प्राणी आहारावर जगतात ही गोष्ट, दोन म्हणजे नाम आणि रूप, तीन म्हणजे तीन वेदना, चार म्हणजे चार आर्यसत्ये, असे करत आठाला अष्टांगिक मार्ग येतो. अट्ठकथेनुसार हे प्रश्न सोपाक नावाच्या सात वर्षांच्या मुलाला विचारले गेले. थेरगाथेतही सोपाक थेराच्या गाथा आहेत आणि प्रश्नांची उत्तरे दिल्यावर वयाच्या सातव्या वर्षी त्याला उपसंपदा मिळाल्याचे त्यांत आले आहे. ‘सोपाक’ हा शब्द त्या काळी अगदी खालच्या मानल्या गेलेल्या कुळाचा वाचक होता. त्या नावाच्या मुलाला प्रश्न विचारण्यायोग्य समजले गेले आणि त्याचे उत्तर प्रमाण मानले गेले. विद्यालय चालवणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

अंगुत्तर निकायात प्रश्नांचे चार प्रकार सांगितले आहेत. काही प्रश्नांना थेट उत्तर द्यावे, काहींना विभागून द्यावे, काहींना प्रतिप्रश्न करून द्यावे आणि काही बाजूला ठेवावेत. प्रश्नमंजूषेला यातील पहिलाच प्रकार चालतो, हे आयोजकाने ओळखले पाहिजे. ‘वारली चित्रकलेचा जनक कोण?’ हा प्रश्न वरवर थेट वाटतो, पण त्याचे उत्तर विभागूनच द्यावे लागते : कागदावरील चित्रांना जगासमोर नेण्यात मशे यांचा वाटा मोठा होता, परंतु मूळ कला पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांनी जपली. असे प्रश्न वर्गातील चर्चेसाठी ठेवावेत, गुणांसाठी नव्हे.

‘मिलिंदपञ्ह’ तर आपल्या सर्वांना परिचित आहे. ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्या संवादाआधी नागसेन एक अट घालतात. विद्वानांच्या रीतीने चर्चा करणार असाल तर बोलू, राजांच्या रीतीने असेल तर नाही. विद्वानांच्या चर्चेत एखाद्याचे म्हणणे खोडले गेले तर तो ते मान्य करतो, रागावत नाही. राजे मात्र विरोध करणाऱ्याला दंड करतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादला सुरू केलेले महाविद्यालय पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने आणि तेथील परिसर नागसेनवन या नावाने ओळखला जाऊ लागला. विद्येच्या स्थानाला विचारणारा आणि उत्तर देणारा, अशा दोघांचीही नावे मिळाली.

प्रश्नमंजूषेच्या सूत्रसंचालकाने नागसेनांची अट स्वतःला लावून घ्यावी. एखाद्या विद्यार्थ्याने ‘सर, हा संकेत दुसऱ्या उत्तरालाही लागू पडतो’ असे म्हटले, तर खेळ थांबवून त्याचे ऐकावे. तो बरोबर असेल तर त्याला गुण द्यावेत. व्यासपीठावरचा माणूस सर्वांसमोर दुरुस्ती स्वीकारतो, हे पाहणे मुलांसाठी कोणत्याही उत्तराइतकेच शिक्षण देणारे असते.

आयोजकांसाठी काही सूचना

शक्यतो घंटी किंवा बझर वापरू नये. बझरमुळे जाणणाऱ्यापेक्षा चपळ मुलाला संधी मिळते आणि लाजरी मुले मागे राहतात. प्रत्येक गटाला कागदाच्या चिठ्ठ्या द्याव्यात. ज्या संकेतानंतर उत्तर द्यायचे, त्यानंतर चिठ्ठीवर उत्तर आणि संकेताचा क्रमांक लिहून द्यावा. पाचही संकेत वाचून झाल्यावर चिठ्ठ्या उघडाव्यात. यामुळे कोणाचे चुकले हे जाहीर होत नाही आणि एका गटाच्या उत्तराने दुसऱ्याचा विचार थांबत नाही.

गट मिश्र असावेत. पाचवीतील मूल आणि दहावीतील मूल, किनाऱ्यावरचे आणि डोंगरातले, एका गटात बसले की पहिल्या संकेतावर कोण बोलेल हे सांगता येत नाही, आणि तेच हवे असते.

दोन संकेतांमध्ये निदान अर्धा मिनिट शांतता ठेवावी, म्हणजे विचार करायला अवकाश मिळतो. उत्तर जाहीर झाल्यावर पाचही संकेत पुन्हा वाचावेत. कार्यक्रम लांबला तर आयोजक नेमका हाच भाग गाळतात, पण शिकणे येथेच घडते.

शेवटची सूचना सर्वांत फलदायी आहे : संकेत मुलांकडूनच तयार करून घ्यावेत. पाच खरी वाक्ये शोधायची, ती ताडून पाहायची आणि कोणते किती जणांना ठाऊक असेल याचा अंदाज घेऊन क्रम लावायचा. एवढे काम करणाऱ्या मुलाने त्या विषयावर छोटा प्रबंधच लिहिलेला असतो. त्यासाठी ग्रंथालय उघडावे लागते आणि आजीला विचारावे लागते. दुसऱ्याला काय ठाऊक असेल याची कल्पना करताना त्याच्या जागी उभे राहावे लागते. करुणेचा आरंभही अशाच कल्पनेतून होतो.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एक विनंती. आपले गाव, आपला व्यवसाय, आपल्या भागातील एखादे झाड किंवा वास्तू यांवर पाच संकेत लिहून विद्यालयाला द्यावेत. शंभर घरांतून असे संकेत आले, तर या परिसराचा एक छोटा ज्ञानकोश तयार होईल.

वाचकांसाठी तीन फेऱ्या

पुढील संकेत घरच्या मंडळींना मोठ्याने वाचून दाखवावेत. उत्तरे शेवटी दिली आहेत.

पहिली फेरी

दहा गुण : १७३९ च्या जानेवारीत चिमाजी आप्पांच्या सैन्याने येथील पोर्तुगिजांचा किल्ला जिंकला. त्या लढाईत बाजी भीवराव रेठरेकर कामी आले.

आठ गुण : अक्करपट्टी आणि पोफरण या गावांतील लोकांना माझ्याशी जोडलेल्या प्रकल्पाच्या विस्तारासाठी आपली घरे सोडावी लागली.

सहा गुण : त्या प्रकल्पातील पहिली दोन संयंत्रे अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने पुरवली.

चार गुण : माझ्याकडे येण्यासाठी बोईसर स्थानकावर उतरावे लागते.

दोन गुण : देशातील पहिले व्यापारी अणुवीज केंद्र १९६९ साली येथे सुरू झाले.

दुसरी फेरी

दहा गुण : इ. स. १००९ आणि १०२१ या वर्षी पारशी पाहुणे येथे आले आणि आपल्या भेटीची नोंद पहलवी लिपीत कोरून गेले.

आठ गुण : अकरा मुखे असलेल्या अवलोकितेश्वराची दुर्मिळ मूर्ती माझ्या एका दालनात आहे.

सहा गुण : माझ्या शिलालेखांत कल्याणसारख्या बंदरांतील व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांच्या नोंदी आहेत.

चार गुण : कातळात कोरलेली माझी पाण्याची टाकी जलसंधारणाचा प्राचीन नमुना मानली जातात. माझ्या दालनांची संख्या शंभराहून अधिक आहे.

दोन गुण : बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात शाळेची सहल गेली की मला पाहिल्याशिवाय परतत नाही.

तिसरी फेरी

दहा गुण : ‘उदान’ ग्रंथातील वल्कलधारी बाहिय माझ्या समुद्रतीरावर राहत होता. आपल्याला खरे ज्ञान झालेले नाही हे कळताच तो येथून श्रावस्तीला भगवान बुद्धांकडे निघाला.

आठ गुण : माझ्या शेजारच्या भुईगावात १९५६ साली अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला.

सहा गुण : १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखली जाणारी टेकडी खणली.

चार गुण : प्राचीन काळी शूर्पारक या नावाने मी पश्चिम किनाऱ्यावरील मोठे बंदर होतो.

दोन गुण : आज माझ्या नावाआधी ‘नाला’ जोडून पश्चिम रेल्वेचे एक गजबजलेले स्थानक ओळखले जाते.

उत्तरे

पहिली फेरी : तारापूर. वीज कोठून येते हे बहुतेकांना ठाऊक असते. त्यासाठी कोण विस्थापित झाले हे थोड्यांनाच ठाऊक असते, म्हणून तो संकेत आठ गुणांचा.

दुसरी फेरी : कान्हेरी. लेणी बौद्ध, दाते व्यापारी आणि पाहुणे पारशी. एकाच डोंगरात तीन समाजांच्या खुणा आढळतात.

तिसरी फेरी : सोपारा. ज्या टेकडीला लोक राजाचा कोट समजत होते, तो प्रत्यक्षात स्तूप निघाला. त्याच्या गर्भात दगडी पेटी होती आणि तिच्यात तांबे, चांदी, पाषाण, स्फटिक आणि सोने यांचे एकात एक बसवलेले करंडक. सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात मातीच्या पात्राचे लहानसे तुकडे जपून ठेवलेले होते. ते भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे असावेत, असे मानले गेले. विरारच्या अलीकडे एकाच स्थानकाचे अंतर असूनही आपल्यापैकी अनेकांनी हा स्तूप अजून पाहिलेला नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने तो पाहायला जावे आणि सोबत विद्यालयातील एखाद्या मुलाला न्यावे.